फाउंटन ग्रास आणि मिरीचा वेल: नागपूरच्या घरात दोघांचीही निगा कशी राखायची

फाउंटन ग्रास हे शोभेचं गवत नागपुरात मरतं ते ऑगस्टमध्ये, आणि मिरीचा वेल मरतो तो मे महिन्यात. एकाला पावसाळ्यात मुळाशी तुंबलेलं पाणी नेतं, दुसऱ्याला उन्हाळ्यातली कोरडी झळ. नर्सरीतून दोन्ही रोपं एकाच फेरीत आणून गच्चीवर शेजारीशेजारी ठेवली आणि रोज सकाळी एकाच पाइपने पाणी घातलं, तर वर्षभरात एक तरी जाणारच. दोन्ही एकाच घरात छान जगू शकतात, फक्त एकाच कोपऱ्यात नाही.

मूळ गाव पाहिलं की कारण कळतं. फाउंटन ग्रास उत्तर आणि पूर्व आफ्रिकेच्या कोरड्या, खडकाळ मुलखातलं. आपल्या बाजरीचं ते जवळचं भावंड आहे, त्यामुळे उन्हाशी त्याचं भांडण नाही. मिरी सह्याद्रीच्या दक्षिण टोकाकडची, मलबारच्या जंगलातली. तिथे दोन-तीन हजार मिलीमीटर पाऊस, झाडाखालची सावली आणि बारा महिने ओलसर हवा. नागपुरात पाऊस हजार-अकराशे मिलीमीटर, तोही चार महिन्यांत उरकणारा. 23 मे 2013 रोजी इथे पारा 47.9 अंशांवर गेला होता, आणि 29 डिसेंबर 2018 च्या पहाटे 3.5 वर उतरला होता. मिरीला साधारण दहा ते चाळीस अंशांच्या मधलं जग माहीत. म्हणजे वर्षातले काही आठवडे वरून आणि काही रात्री खालून, ती तिच्या हद्दीबाहेर असते. ते दिवस तिला तारून नेणं, एवढंच तुमचं काम.

आधी घराच्या दिशा बघा

रोप विकत घेण्याआधी एक दिवस घराभोवती ऊन कुठे किती वेळ असतं ते बघून घ्या. सकाळी नऊला, दुपारी एकला आणि साडेचारला. नागपुरात साडेचारचं ऊन सगळ्यात वाईट, कारण तोवर भिंत तापलेली असते आणि झाडाला दोन्हीकडून भाजून काढते.

पश्चिमेची भिंत, फाटकाजवळची रिकामी पट्टी, गच्चीचा कठडा या जागा गवताच्या. त्याला दिवसाचे निदान सहा तास थेट ऊन हवं. जांभळट-लाल पानांचा प्रकार सावलीत ठेवला की पानं हिरवट पडतात, दांडे लांबून आडवे होतात आणि तुरे मोजकेच येतात. एप्रिल-मेमध्ये पानांचे शेंडे करपतील. ते होऊ द्यायचं.

मिरीला पूर्व किंवा उत्तरेची बाल्कनी. सकाळचं कोवळं ऊन दोन-तीन तास, मग दिवसभर नुसता उजेड. जमिनीत लावायची असेल आणि अंगणात जुना आंबा असेल, तर आंब्याच्या उत्तर अंगाला लावा. आंब्याची साल खरबरीत असते, वेलाच्या मुळ्या पकड घेतात, आणि आंबा उन्हाळ्यातही पानं धरून असतो. पांगाऱ्यावर मिरी चढवायची कोकण-केरळात पद्धत आहे, पण पांगारा ऐन फेब्रुवारी-मार्चमध्ये निष्पर्ण होतो. आपल्याकडे नेमकी तेव्हाच सावलीची गरज सुरू होते. शेवग्याची सावलीही विरळच.

आता नागपूरची खास जागा सांगतो. कूलर नीट चालायचा तर समोरची खिडकी उघडी ठेवावी लागते, हे इथे लहान पोरालाही ठाऊक असतं. त्या समोरच्या खिडकीतून खोलीतली थंड, दमट हवा दिवसभर बाहेर पडत असते. मिरीची कुंडी मे महिन्यात त्याच खिडकीशी, आत किंवा बाहेर, ठेवायची. कूलर जिथे बसवला आहे त्या बाजूला मात्र नाही. तिकडून तो बाहेरची गरम हवा ओढत असतो. एसीच्या खोलीत ठेवलीत तर हवा थंड मिळेल पण कोरडी, आणि एसीच्या बाहेरच्या युनिटसमोर तर कुठलंच झाड ठेवू नका.

नर्सरीत काय बघून घ्यायचं

फाउंटन ग्रासचे दोन प्रकार बाजारात एकाच नावाने खपतात. एक हिरव्या पानांचा, बियांपासून फोफावणारा. दुसरा जांभळट पानांचा, ‘रुब्रम’ नावाचा, ज्याला रुजणारं बी जवळजवळ धरतच नाही. तो फुटवे फोडूनच वाढवतात. दुसराच घ्या. हिरव्याचं बी वाऱ्यावर उडतं आणि जिथे पडेल तिथे रुजतं. हवाई बेटांवर त्याने लाव्हाच्या पठारांवर कब्जा केला, तिथे वाळलेल्या गवताचे वणवे पेटतात. युरोपीय संघाने 2017 साली त्याला घातक परक्या वनस्पतींच्या यादीत टाकलं. सेमिनरी हिल्स, गोरेवाडा, अंबाझरीच्या जैवविविधता उद्यानाजवळ राहणाऱ्यांनी तर हिरवा प्रकार अंगणात आणूच नये. उन्हाळ्यात तिथलं स्थानिक गवत पेटण्याचा धोका आधीच असतो, त्यात आणखी भर कशाला? ओळखायचं असेल तर वाळलेला तुरा तळहातावर चोळा. हिरव्यातून टणक बारीक बी सुटतं, जांभळ्यातून नुसतं कुसळ.

मिरीत फसवणुकीच्या जागा जास्त. मिरीच्या वेलाला तीन तऱ्हेच्या फांद्या असतात: बुंध्यातून निघून जमिनीवर सरपटणारे धुमारे, आधारावर चढणारी मुख्य वेल, आणि तिच्यातून आडव्या फुटणाऱ्या, फळं धरणाऱ्या फांद्या. धुमाऱ्याचा तुकडा पटकन मुळं धरतो, म्हणून स्वस्त रोपं त्याचीच असतात. ते चढायला आणि फळायला तीन-चार वर्षं घेतं. आडव्या फांदीपासून केलेलं रोप चढत नाही, कुंडीत झुडपासारखं पसरतं आणि एका-दोन वर्षांत घोस देतं. त्याला झुडपी मिरी म्हणतात. बाल्कनीवाल्यांनी हीच मागावी. काही ठिकाणी तिचं कलम दक्षिण अमेरिकेतल्या एका जंगली मिरीच्या खुंटावर केलेलं मिळतं, कारण तो खुंट मूळकुजीला दाद देत नाही. तसं कलम घेतलंत तर जोडाच्या खालून फुटणारे कोंब खुडत राहा, नाहीतर काही महिन्यांनी खुंटच उरतो.

जातींचं म्हणाल तर पन्नियूर-1 हे नाव सगळ्यांच्या तोंडी असतं. केरळच्या पन्नियूर संशोधन केंद्रातला तो जुना आणि नावाजलेला संकर. घोस लांब, दाणा टपोरा. पण त्याला उजेड भरपूर लागतो, दाट सावलीत तो धरत नाही. आपल्याला मिरी सावलीत ठेवणं भाग असल्यामुळे करीमुंडा मिळाली तर मी तीच घेईन. दाणा लहान, पण सावलीशी तिचं जमतं.

आणि पान चुरगळून वास घ्या. विड्याच्या पानाचा वास आला तर ती नागवेल आहे, पातळ हृदयाकृती पान आणि जमिनीवर पसरणारी वेल असेल तर बहुधा पिंपळी. मिरीचं पान जाड, चकचकीत, अंडाकृती आणि टोकाला निमुळतं असतं.

गवत लावताना खड्डा नको, उंचवटा हवा

नागपूरच्या बऱ्याच वस्त्यांखाली काळी माती आहे. उन्हाळ्यात तिला बोट जाईल अशा भेगा पडतात आणि पावसाळ्यात ती चिखल होऊन पाणी धरून बसते. अशा मातीत हौसेने दोन फूट खड्डा करून त्यात भुसभुशीत माती-शेणखत भरलं, तर तो खड्डा जुलैत बादली होतो. भोवतालची चिकण माती पाणी बाहेर जाऊ देत नाही आणि गवताची मुळं त्यात बुडून कुजतात. ‘एवढ्या उन्हात टिकलं आणि पावसाळ्यात कसं गेलं?’ या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा एवढंच असतं.

म्हणून जमीन वीतभर खणून ढिली करा, खोल जाऊ नका. त्यावर बारीक मुरूम, रेती आणि थोडं कुजलेलं शेणखत मिसळलेल्या मातीचा वीत-दीड वीत उंच गादीवाफा घाला. रोप या उंचवट्यावर लावा, कुंडीत होतं तेवढ्याच खोलीवर. बुंधा मातीत गाडला गेला तर तोही कुजतो. दोन रोपांत दोन ते अडीच फूट अंतर ठेवा. लावताना ओकंबोकं दिसेल, दिवाळीपर्यंत भरतं.

कुंडीत लावायचं असेल तर चौदा-सोळा इंची, जड बुडाची कुंडी घ्या. गवत तीन-चार फूट वाढतं, जूनच्या वादळी वाऱ्यात हलकी प्लास्टिकची कुंडी गच्चीवर लोळताना दिसेल. दोन भाग पोयटा, एक भाग रेती, एक भाग कंपोस्ट. युरिया तर अजिबात नको. नत्र जास्त झालं की पानं लुसलुशीत होतात, माना टाकतात आणि मावा येतो. लावताना घातलेलं शेणखत आणि दरवर्षी छाटणीनंतर पसाभर कंपोस्ट, एवढ्यावर ते खूश असतं.

मिरीची कुंडी भरताना

इथे उलटा विचार करायचा. मिरीला किंचित आम्ल माती लागते, सामू (पीएच) साडेपाच ते साडेसहा. नागपूरची काळी माती बहुतेक चुनखडीची आणि विम्ल, म्हणजे आम्लाच्या उलट. त्यात लावलेल्या मिरीची नवी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. मातीत लोह असतं पण मुळांना उचलता येत नाही. म्हणून कुंडीत अंगणातली काळी माती घालूच नका. लाल माती किंवा पोयटा दोन भाग, रेती एक भाग, पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा पालापाचोळ्याचं खत एक भाग. कोकोपीट घालायचं तर आधी दोन-तीनदा साध्या पाण्यात धुऊन घ्या, त्यात क्षार असतात. सोबत मूठभर निंबोळी पेंड आणि चमचाभर ट्रायकोडर्मा, म्हणजे मूळकुज रोखणारी उपयोगी बुरशी. तळाला छिद्रं मोकळी आहेत ना, हे बोट घालून बघा.

केरळचे व्हिडिओ बघून मिरीला चुना घालणारे लोक आहेत. तो सल्ला तिथल्या अति आम्ल मातीसाठी आहे, इथे तो विष ठरतो. चुलीची राख आणि अंड्याची टरफलं यांनाही तोच नियम.

चढणारी वेल असेल तर काथ्या गुंडाळलेली काठी कुंडीच्या मधोमध रोवा, आणि ती काठी ओली ठेवा. काठी कोरडी असेल तर पेरातून सुटणाऱ्या मुळ्या तिला धरत नाहीत आणि वेल लोंबकळत राहते. सुरुवातीला प्रत्येक पेराशी सुतळीने सैल बांधून द्यावं लागतं.

कोकणातल्या पाहुण्यांना नागपुरातली मिरी दाखवली की ते हसतात. हसू द्या. रामटेकच्या परिसरात बारी मंडळींनी पिढ्यान्‌पिढ्या पानमळे राखले, आणि नागवेल ही मिरीच्याच कुळातली. त्या मळ्यांची रचना आठवा: चहूबाजूंनी कुडाचा दाट आडोसा, वर सावली, थोडं थोडं पण वारंवार पाणी, आणि तेही साचू न देण्याची दक्षता. बाल्कनीतल्या एका कुंडीसाठी तुम्हाला हेच छोट्या प्रमाणात करायचं आहे. त्यातही वाऱ्याचा आडोसा लोक विसरतात. उन्हाळ्यातला गरम वारा सावलीतही पानं वाळवतो.

पाणी किती आणि कुठलं

गवताला पहिल्या हंगामात मुळं धरेपर्यंत दोन-तीन दिवसांआड पाणी. नंतर जमिनीतल्या गवताला हिवाळ्यात पंधरवड्यातून एकदा पुरतं आणि मे महिन्यात आठवड्याला एकदा, पण भरपूर, वीतभर खोल ओल जाईल असं. रोज शिंतोडे उडवण्याने मुळं वरच्या वर राहतात. कुंडीतलं गवत मात्र मेमध्ये रोज संध्याकाळी पाणी मागतं. पावसाळ्यात नळ विसरा.

मिरीला ओल सतत हवी आणि चिखल कधीच नको. बोट दोन पेरं मातीत घाला. ओलसर लागलं तर थांबा, कोरडं लागलं तर घाला. मेच्या दुपारी पानं मरगळलेली दिसली म्हणून लगेच पाणी ओतू नका. उन्हाच्या वेळी पानातून जेवढं पाणी उडतं तेवढं मुळं पुरवू शकत नाहीत, म्हणून ती मान टाकतात आणि दिवस मावळला की सावरतात. सकाळी सहालाही पानं तशीच लोंबत असतील तर मात्र झाडाला खरंच पाणी हवं आहे, किंवा मुळं कुजली आहेत. माती ओली असून पानं लोंबली तर दुसरं कारण.

पाणी कुठलं, हा नागपुरात ‘पाणी किती’ याइतकाच महत्त्वाचा प्रश्न. नळाला येणारं पेंच-कन्हानचं पाणी मिरीला चालतं, रात्रभर बादलीत ठेवलेलं असेल तर बरं. बोअरचं पाणी अनेक भागांत जड असतं. महिनोन्‌महिने तेच दिलं की कुंडीच्या कडेला पांढरा थर धरतो आणि पानांच्या कडा तपकिरी होतात. असं झालं की पहिल्या चांगल्या पावसात कुंडी उघड्यावर ठेवून माती धुऊन निघू द्या. कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी ओतून द्यायला मन होत नाही हे मान्य, पण त्यातलं पाणी उडून क्षार मागे राहिलेले असतात. ते मिरीला कधीच देऊ नका. आरओ यंत्राच्या नळीतून वाया जाणाऱ्या पाण्याचंही तसंच. दोन्ही पाणी जमिनीतल्या गवताला अधूनमधून दिलं तर ते सोसतं, एरवीच्या पाण्याबरोबर आलटून पालटून.

सणावारांनुसार वर्षभराचं काम

तारखा लक्षात राहत नाहीत, सण राहतात.

महाशिवरात्रीच्या आसपास गवताची मोठी छाटणी. हिवाळाभर वाळलेले तुरे तसेच ठेवायचे, ते पिवळ्या उन्हात फार सुरेख दिसतात. थंडी ओसरून बुंध्यात हिरवे कोंब दिसू लागले की संपूर्ण झुंबाडा सुतळीने घट्ट बांधा आणि जमिनीपासून चार-सहा इंचांवर विळ्याने किंवा कात्रीने सपासप कापा. बांधल्यामुळे कचरा पसरत नाही. पूर्ण बाह्यांचा सदरा घाला, पानांच्या कडा हाताला खरचटतात. कापलेलं वाळकं गवत फेकू नका. बोटभर तुकडे करून मिरीच्या कुंडीत दोन इंच थर द्या, बुंध्यापासून जरा लांब. या घरात दोघांचा एकमेकांना थेट उपयोग होतो तो इथेच.

होळीला मिरीवर हिरवी जाळी चढलेली असायला हवी. पन्नास टक्के सावलीची पुरते, बाल्कनी दक्षिणेची असेल तर पंचाहत्तर टक्क्यांची घ्या. जाळी पानांना चिकटून नको, वर हातभर पोकळी ठेवा.

मेच्या शेवटच्या आठवड्यात, 25 तारखेच्या सुमारास नवतपा लागतो. हे नऊ दिवस मिरीची खरी परीक्षा. कुंडी रिकाम्या मोठ्या कुंडीत ठेवून मधल्या जागेत ओली रेती भरा, म्हणजे मुळं तापत नाहीत. सकाळी आणि दिवस मावळल्यावर पानांवर बारीक फवारा. दुपारी फवारा नको. खत नको, छाटणी नको, कुंडी बदलणंही नको. काही पानं गळतील; वेल आणि पेरं हिरवी असली की झालं.

मृगाच्या सरी सुरू झाल्या की जाळी काढा आणि मिरीला पावसात न्या. फुलोऱ्यासाठी तिला या ओलाव्याची वाट असते. नव्या पानांच्या समोर हिरवट, शेपटीसारखे घोस लोंबू लागतात. त्यावरची फुलं इतकी बारीक असतात की भिंगाशिवाय नीट दिसत नाहीत. पाऊस हलका असेल तेव्हा घोसांवरून पाणी वाहतं आणि पराग खालच्या फुलांपर्यंत पोचतो, म्हणून पावसात आठ-दहा दिवसांची उघडीप पडली तर संध्याकाळी घोसांवर हलकं पाणी शिंपडा. याच काळात दर दोन महिन्यांनी मूठभर गांडूळखत आणि थोडी निंबोळी पेंड.

गवताची फोड करण्याचा मुहूर्तही हाच. दोन-तीन वर्षांनी झुंबाड्याचा मधला भाग वाळून टक्कल पडतं आणि हिरवळ कडेलाच उरते. पाऊस दोन-तीनदा चांगला पडून गेला की गवत वीतभर कापा, सब्बलीने भोवतालची माती सोडवून अख्खा गड्डा बाहेर काढा. जुन्या करवतीने किंवा कोयत्याने फोडा. हाताने ओढून तो सुटत नाही. प्रत्येक तुकड्यावर चार-पाच फुटवे आणि त्यांची मुळं हवीत. मधला वाळका गाभा टाकून द्या, त्यात अनेकदा वाळवी असते. तुकडे त्याच दिवशी लावा, सावलीत पडून राहिले तर मुळं सुकतात.

पोळा-मारबतीच्या दिवसांत पावसाची झड लागते. गवताच्या वाफ्याभोवती पाणी थांबलं असेल तर कुदळीने चर काढून द्या. मिरीची कुंडीही विटांवर उचलून ठेवा.

दिवाळीनंतर मिरीचं पाणी हळूहळू कमी करा. पारा दहाच्या खाली जायला लागला की रात्री कुंडी भिंतीशी किंवा घरात घ्या. थंडीत ती वाढत नाही, म्हणून खत घालून तिला ढोसू नका.

रोग आणि कीड

गवताकडे फारसं बघावं लागत नाही. मावा दिसला तर पाण्याचा जोरदार फवारा पुरतो. गल्लीतल्या गाई कोवळी पालवी चरतात, त्याला फाटक लावणं हाच उपाय.

मिरीत पावसाळ्यातली मूळकुज सगळ्यात घातक. पानांवर काळे, ओलसर, वाढत जाणारे डाग पडतात, बुंधा काळा पडतो आणि भरभर पानं गळतात. डाग दिसताच ती पानं तोडून घराबाहेर टाका, कुंडी पावसाआड न्या, आणि एक टक्का बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक) पानांवर व बुंध्यावर फवारा. मेलेल्या वेलाची माती दुसऱ्या मिरीला वापरू नका. पिठ्या ढेकूण आणि खवले कीड उन्हाळ्यात पानांच्या मागे बसतात; लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि थोडा साबण, संध्याकाळी फवारा.

उपयोग: कुणाकडून काय मिळतं

गवत खायला नाही, औषधाला नाही, आणि वैरण म्हणूनही त्याला किंमत नाही. पक्व झालेलं दांडकं गुरं तोंडात धरत नाहीत. पण रस्त्यालगतच्या घरात फाटकापाशी त्याची दाट रांग धुळीला बऱ्यापैकी अडवते, उताराची माती धरते, आणि मे महिन्यात बाकीची बाग माना टाकते तेव्हाही ते उभं असतं. तुरे पूर्ण उमलण्याआधी, रंग गडद असताना कापून उलटे टांगून सावलीत वाळवले तर फुलदाणीत कित्येक महिने राहतात. पाणी नको, काचेच्या उंच बरणीत नुसते उभे करा. गणपतीच्या मखरालाही छान दिसतात.

मिरीचं उत्पन्न कुंडीत किती? झुडूप नीट जमलं तर डबी भरेल, किराणा वाचणार नाही. इतवारी बाजारातून मिरे आणणं कधीही स्वस्त. पण ताजी हिरवी मिरी तिथे मिळत नाही, ती तुमच्या झाडावरच मिळेल. कोवळे घोस अख्खेच लिंबाचा रस आणि मिठात घालून बरणी भरली की आठ-दहा दिवसांत मुरतात. वरण-भाताबरोबर अर्धा घोस पुरे.

काळी मिरी करायची तर घाई करू नका. घोसातले एक-दोन दाणे नारिंगी-लाल झाले की तो घोस तोडायचा. फुलोऱ्यापासून सहा ते आठ महिने लागतात, म्हणजे आपल्याकडे संक्रांतीपासून होळीपर्यंत. दाणे घोसापासून सुटे करा, मलमलच्या कपड्यात बांधा आणि उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून काढा. त्याने वरची घाण जाते, रंग एकसारखा काळा येतो आणि दाणे लवकर वाळतात. मग सुपात पसरून कडक उन्हात तीन-चार दिवस. धूळ बसू नये म्हणून वर पातळ कापड. आपल्या कोरड्या हवेचा फायदा असा की कोकणात बुरशीची जी धास्ती असते ती इथे जवळजवळ नाही. दाणा दाताखाली कडकन फुटला पाहिजे, दबला तर अजून एक दिवस. शंभर ग्रॅम हिरव्या दाण्यांतून तेहेतीस ग्रॅमच्या आसपास वाळकी मिरी उरते. पूर्ण लाल झालेले दाणे आठवडाभर पाण्यात, रोज पाणी बदलत भिजवून साल चोळून काढली की पांढरी मिरी. एवढ्याशा पिकावर तो खटाटोप मी करणार नाही.

सावजी रश्शाच्या मसाल्यात ही मिरी घालायची असेल तर वाटणात नको, खलबत्त्यात जाडसर कुटून शेवटी घाला. दळून ठेवलेल्या मिरीचा सुगंध उडून जातो, तिखटपणा तेवढा मागे राहतो. हळदीच्या दुधात चिमूटभर घालण्याला आधार आहे: मिरीतल्या पायपरिनमुळे हळदीतलं कर्क्युमिन शरीरात जास्त शोषलं जातं. रक्त पातळ करण्याच्या किंवा इतर नेहमीच्या गोळ्या चालू असतील तर रोजचा काढा डॉक्टरांना विचारून घ्या, कारण काही औषधांचं शोषणही ती वाढवते.

एकच वेल लावायची असेल तर

जागा कमी, उन्हाळ्यात गावाला जाणं ठरलेलं, कुंडीला पाणी घालायला कुणी नाही. अशा घरात मिरीचा हट्ट नको. तिथे फाटकाशी गवत लावा आणि आतल्या सावलीत हवी असेल तर पिंपळी. मिरीच्याच कुळातली ही वेल विदर्भाला नवीन नाही. अंजनगाव सुर्जी आणि अकोटच्या भागात पानमळे राखणाऱ्या शेतकऱ्यांनी पानपिंपळीचं पीक घेतलं आहे. सुंठ, मिरे आणि पिंपळी मिळून त्रिकटू होतं, म्हणजे तिला मागणीही जुनीच. तीन-चार पेरांचा तुकडा जुलैमध्ये ओल्या मातीत दोन पेरं गाडून लावला की लागतो. चढायला काठी नाही दिली तरी पसरते, सावली-ओल-आडोसा मात्र तिलाही लागतो. तिची लांबोडकी फळं हिरव्याची काळपट होऊ लागली की खुडून उन्हात वाळवायची. रोप पावसाळ्यातच घ्या. एप्रिलमध्ये नर्सरीच्या जाळीखालून आणलेली कुठलीही वेल घरी येईपर्यंत अर्धी झालेली असते.